सात परकी माणसं

माझ्या भावाच्या बँडचं नाव होतं ‘अतिज्वलनशील’. एका टँकरच्या पाठीवर वाचून त्यांनी ते उचललं होतं. पाच जणांपैकी दोघांना घरचा गॅस पेटवायचीही भीती वाटायची, पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही रीत काही नवी नाही.

कुठल्याही संगीत कंपनीनं त्यांच्याशी करार केलेला नव्हता. भाऊ हे ‘आम्ही स्वतंत्र आहोत’ अशा शब्दांत सांगायचा. त्या न्यायानं आमच्या गल्लीच्या तोंडाशी झोपणारं कुत्रंही स्वतंत्र होतं.

गायकाला सगळे भोंगा म्हणत आणि त्याला तो गौरव वाटे. ड्रम वाजवणारा हातोडा. दोन गिटारींपैकी एक भोंग्याच्या मावसभावाकडे, दुसरी माझ्या भावाकडे. बँडमध्ये माझ्या भावाला ठिणगी म्हणत. बास वाजवणाऱ्याला टोपणनाव नव्हतं, कारण तो आहे हेच मुळात कुणाच्या लक्षात येत नसे.

आमचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. हे दोन माणसांचं काम आहे: एक वर मशीनपाशी, एक खाली खड्ड्यात. त्यांचे जोडीदार डोळ्यांमुळे काम सोडणार होते. पुढच्या महिन्यापासून त्यांच्या जागी एक तर माझा भाऊ, नाही तर त्या जोडीदारांचा पुतण्या. पुतण्या एकदा आला की भावाची जागा गेली, हे बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं. भावाला हवं होतं एक वर्ष. एक वर्ष फक्त बँड. त्याचं म्हणणं, लोक जमायला लागलेत, आत्ता सोडलं तर सगळं पाण्यात जाईल.

बाबांनी विचारलं, किती लोक. तो म्हणाला, तळघर भरतं. बाबा म्हणाले, तळघर लिफ्टच्या भंगारानंही भरतं. मग दोघांमध्ये एक अट ठरली. तिथून तिसऱ्या शनिवारी, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, बँडच्या कार्यक्रमाला किमान पन्नास परकी माणसं दिसली पाहिजेत. नातेवाईक नकोत, शेजारी नकोत, शाळेतले मित्र नकोत. पन्नास झाली तर एक वर्ष त्याचं. एकोणपन्नास झाली तर सोमवारी सकाळी साडेसातला पाने-पक्कडीची पिशवी त्याच्या खांद्यावर.

मोजायचं कुणी, यावर वाद झालाच नाही. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर काचेच्या बशांत उगवलेले जिवाणूंचे ठिपके मोजते. आमच्याकडे नियम आहे की बशीत तीसपेक्षा कमी ठिपके असतील तर त्या आकड्यावर विसंबायचं नाही. बाबांचा माझ्या आकड्यांवर विश्वास होता आणि भावाचा माझ्या प्रेमावर. दोघांनाही वाटत होतं, ही आपली आहे.

तळघर एका दंतवैद्याच्या दवाखान्याखाली होतं. शनिवारी दुपारी दवाखाना बंद झाला की चार ते सात खाली बँड वाजत. भिंतींना आवाज शोषायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले होते, जे आवाज अजिबात शोषत नाहीत. हे मी भावाला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तो म्हणाला होता, पण दिसतात भारी.

त्या तीनपैकी पहिला आणि शेवटचा शनिवार भावाच्या बँडचा होता. पहिल्या शनिवारी मी नुसता अंदाज घ्यायला दाराशी वही घेऊन बसले. चौसष्ट माणसं आत गेली. खरं सांगायचं तर मी हबकले. मी वीस धरली होती, त्यातली दहा आत्या-मामांची मुलं. पण हे चेहरे मला खरोखर अनोळखी होते. काळे टी-शर्ट, लांब केस, काहींच्या मनगटाला चामड्याचे पट्टे. कार्यक्रम संपल्यावर ते एकेक करून बँडपाशी गेले आणि सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं: “आग लावली.” भाऊ घामाने निथळत माझ्याकडे बघत होता. बघ, असं त्याची मान म्हणत होती.

गाण्यांबद्दल मला फार बोलायचं नाही. भोंगा तोंड उघडायचा तेव्हा वरच्या दवाखान्यात जे चालतं तेच खाली चालू आहे, फक्त भूल न देता, असं वाटायचं. पण मला आवडणं हा अटीचा भाग नव्हता. चौसष्ट म्हणजे चौसष्ट. घरी जाऊन मी तोच आकडा सांगितला. बाबांनी भुवया वर केल्या आणि चहा थंड होऊ दिला.

दुसऱ्या शनिवारी तळघर दुसऱ्या एका बँडचं होतं. भाऊ त्यांना ऐकायला निघाला. मी विचारलं, एवढे चांगले आहेत का? तो म्हणाला, छे, भयानक आहेत. मग कशाला चाललास? तर म्हणे, जावं लागतं.

मी कुतूहल म्हणून सोबत गेले. आत शिरले तर समोर तेच. तेच काळे टी-शर्ट, तेच चामड्याचे पट्टे. गेल्या शनिवारी भोंग्याला आग लावल्याचं सांगणारी उंच मुलगी आता मंचावर कीबोर्ड वाजवत होती आणि भोंगा खाली उभा होता. मी वही काढली. गेल्या वेळी मी ओळखीच्या खुणा लिहून ठेवल्या होत्या, ती माझी सवयच आहे: भुवईवर व्रण, लाल बूट, मानेवर विंचू. त्यातल्या बहुतेक खुणा इथे हजर होत्या.

परतताना भावानं मला ती पद्धत समजावून सांगितली, जणू तिच्यात समजावण्यासारखं काही नाहीच. गावात असे अकरा बँड होते. त्यांचा फोनवर एक ग्रुप होता. दर शनिवारी ज्याचा कार्यक्रम, त्याला बाकी दहा बँडनी ‘पाठिंबा’ द्यायचा. कोण आलं, कोण नाही, याची हजेरी ग्रुपवर लागे. लागोपाठ दोनदा चुकलात तर तुमच्या शनिवारी तळघर ओस. आणि कार्यक्रम संपल्यावर काय म्हणायचं, हेही जणू ठरलेलंच होतं.

मी म्हणाले, “म्हणजे तुम्ही एकमेकांचे श्रोते आहात. बाहेरून कुणी येतच नाही.”

“येतात गं. आम्ही त्यांच्याकडे जातो ते कर्तव्य म्हणून. ते आमच्याकडे येतात ते आवडतं म्हणून.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“कळतं ना माणसाला.”

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. अकरा बँड, पन्नासच्या वर माणसं. प्रत्येकाला पक्कं माहीत की आपण इतरांकडे जातो ते तोंडदेखलं, आणि प्रत्येकाची तितकीच पक्की खात्री की इतर आपल्याकडे येतात ते मनापासून. अहो रूपम् अहो ध्वनी म्हणणाऱ्या उंटाला आणि गाढवाला निदान आपण खोटं बोलतोय हे ठाऊक असावं, असा माझा समज होता.

तिसऱ्या शनिवारी मी दाराशी बसले, पण यावेळी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: “तुम्ही काय वाजवता?”

बहुतेक कुणी थबकलं नाही. बास. ड्रम्स. गिटार. गिटार. गातो. गिटार. एकानं तर दोन वाद्यं सांगितली आणि मी दोन्ही लिहिली का हे वाकून पाहिलं. अडुसष्ट माणसं आत गेली. पंचावन्न जण काही ना काही वाजवत होते. सहा जण वाजवणाऱ्यांचे कोणीतरी होते. एक बायको, एक भाऊ, बाकीच्या ज्या काही होत्या त्या. उरले सात. या सातांनी माझ्या प्रश्नावर गोंधळून उत्तर दिलं, काही नाही, आम्ही ऐकायला आलोय.

मी आत जाऊन पाहिलं. गाणी चालू असताना पंचावन्न जण मागच्या भिंतीशी घोळका करून कुठल्या वायरी चांगल्या यावर चर्चा करत होते. सात जण पुढे उभे होते. त्यातल्या दोघी डोळे मिटून होत्या.

संपल्यावर मी या सातांना गाठलं. दोघी जवळच्या रुग्णालयात परिचारिका होत्या. दिवसभर हळू बोलावं लागतं, म्हणून इथे येतो, असं त्या म्हणाल्या. शिकवणीचे एक मास्तर होते, त्यांनी कारण सांगितलं नाही. एक जोडपं होतं, त्यांना भोंगा खरोखर आवडायचा. जगात सर्व प्रकारची माणसं असतात. एक मुलगी ड्रमकडे बघत राहायची. आणि शेवटी पन्नाशीचे एक काका, बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेलं. जळलेल्या मोटरी पुन्हा गुंडाळून द्यायचं त्यांचं दुकान होतं.

“मी चौथ्यांदा आलोय मॅडम,” ते म्हणाले. “तो डावीकडचा मुलगा आहे ना, किडकिडीत. हात चांगला चालतो त्याचा. पण वाजत काहीच नाही.”

मी म्हणाले, वाजत नाही म्हणजे?

“ऐकू येत नाही. पहिल्यांदा वाटलं वायर तुटली असेल. दुसऱ्यांदा वाटलं, अजून दुरुस्त केली नाही वाटतं. मोटर बंद असली तर मला लांबून कळतं, धंदाच आहे माझा. आता म्हटलं बघू तरी, यांच्या लक्षात कधी येतंय.”

डावीकडचा किडकिडीत मुलगा म्हणजे माझा भाऊ.

ज्यांनी कधी असा कार्यक्रम पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. गिटारीचा आवाज आधी वाजवणाऱ्याच्या पायाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून येतो. त्याच्यासमोर माइक असतो. तो आवाज माइकमधून मागच्या मिक्सरवर जातो आणि तिथून मोठ्या स्पीकरमधून लोकांपर्यंत. म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज पायाशी छान ऐकू येत असतो. पुढे तो पोचतो की नाही, हे मिक्सरवर बसलेल्याच्या बोटात असतं.

मी मिक्सरपाशी गेले. आवाज कमी-जास्त करायला वर-खाली सरकणारे खटके होते आणि प्रत्येकाखाली चिकटपट्टीवर नाव लिहिलं होतं. ‘ठिणगी’ लिहिलेला खटका तळाला, म्हणजे शून्यावर होता आणि त्यावर धूळ बसली होती. इतर कुणाच्या खटक्यावर धूळ नव्हती.

मिक्सरवर बसणारा मुलगा एरवी दुसऱ्या एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्यानं काही लपवलं नाही. म्हणाला, तो पळतो हो, गाणं मध्यावर आलं की हा पुढे आणि बाकीचे मागे. भोंग्यानं सांगितलं, बंद ठेव, मावसभाऊ आहेच. मी विचारलं, कधीपासून. पाच-सहा कार्यक्रम झाले असतील. मी विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे. त्यानं मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या घोळक्याकडे हनुवटीनं दाखवलं. “कान आहेत त्यांना. वाजवणारी माणसं आहेत सगळी.”

त्या क्षणी तो घोळका माझ्या भावाभोवती होता. लाल बुटांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मानेवरच्या विंचवानं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. आग लावली, ठिणगी. आग लावलीस.

घरी जाताना भाऊ हवेत होता. अडुसष्ट, त्यानं स्वतःच मोजले होते. मी त्याला पंचावन्न आणि सहा आणि सात सांगितले. तो थांबला, मग वकिली करू लागला. बाबांनी काय म्हटलं होतं? नातेवाईक नकोत, शेजारी नकोत, शाळेतले मित्र नकोत. ही पंचावन्न माणसं यातली कोण आहेत? कोणीच नाहीत. मग ती परकीच. ते सहा कुणाकुणाचे नातेवाईक सोड, पंचावन्न अधिक सात, बासष्ट. अट पुरी. मी माझ्या पदरचा नियम का घुसडतेय?

तो बरोबर होता. अट जशी बोलली गेली होती तशी ती पुरी झाली होती आणि बासष्ट हा आकडा खोटा नव्हता. मी बासष्ट म्हटलं असतं तर बाबांनी एक वर्ष दिलं असतं. ते शब्दापासून मागे हटणारे नाहीत. माझ्या भावानं ते एक वर्ष तळघरात घाम गाळून काढलं असतं, आणि एकाही माणसाला ते ऐकू गेलं नसतं.

“बासष्ट सांग ताई,” तो म्हणाला. “एवढंच कर.”

मग मी त्याला खटक्याबद्दल सांगितलं. हळुवार सांगायला हवं होतं कदाचित. मला ते जमत नाही, मी मोजमापासकट सांगितलं: खटका तळाला, धुळीचा थर, पाच ते सहा कार्यक्रम, कुणी सांगितलं आणि का.

तो बराच वेळ गिटारीच्या पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा करत राहिला. मी वाट पाहत होते की तो भोंग्याला शिव्या देईल. ते त्यानं केलं नाही.

“त्या कीबोर्डवालीचं पण असंच आहे,” तो म्हणाला. “गेल्या शनिवारी. काहीच ऐकू येत नव्हतं तिचं. मी बघितलं होतं.”

“मग तू काय केलंस?”

“आग लावली म्हणालो.”

घरी बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. आईनं ताटं घेतली होती, पण कुणी जेवायला सुरुवात केली नव्हती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि किती म्हणून विचारलं. मी वही उघडली. माझ्या आधी भाऊ बोलला.

“सात. त्यातला एक मोटरवाला आहे, तो बिघाड बघायला येतो. म्हणजे सहाच धरा.”

बाबांची लिफ्ट आठ माणसांची असते. त्यामुळे पुढचं वाक्य येणार हे मला दिसत होतं. “म्हणजे तुझा अख्खा श्रोतृवर्ग,” ते म्हणाले, “एका फेरीत वर जाईल. लिफ्टमनसकट.” मग त्यांना राहवेना. विचारलं, बिघाड कसला?

भावानं सांगितलं. काही झाकलं नाही. बाबा ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा थट्टेचा राहिला नाही. त्यांना राग आला, पण पोरावर नाही. कामातल्या हलगर्जीवर येतो तसा.

“पंचावन्न जाणकार,” ते म्हणाले. “आणि एकाच्याही तोंडातून निघालं नाही?”

“मीही सांगत नाही बाबा. कुणाला. आमच्यात सांगत नाहीत.”

आई म्हणाली, आधी जेवा. आम्ही जेवलो. बाबांनी सोमवारचा विषय काढला नाही. सोमवारी भाऊच सव्वासातला बूट घालून दारात उभा होता.

मंगळवारी त्यानं बँड सोडल्याचं ग्रुपवर लिहिलं. भोंग्यानं जळत्या ज्वाळेचं चित्र टाकलं आणि लिहिलं, तुझी जागा कुणी भरून काढू शकत नाही. बुधवारी ती भरली गेली. मानेवर विंचू असलेला मुलगा आला, जो आधीच दोन बँडमध्ये वाजवत होता. गुरुवारी भोंगा घरी आला. मला वाटलं माफी मागायला आला. तो आला होता हजेरीसाठी. म्हणाला, बँड सोडलास तरी शनिवारी येत जा. प्रत्येक कार्यक्रमाला एक माणूस कमी पडतो, इतर नाराज होतात. माझ्या भावानं त्याला चहा पाजला. खटक्याचं विचारलं. भोंगा म्हणाला, अरे तो तांत्रिक प्रश्न होता.

भाऊ शनिवारी गेला. त्या दिवशी लाल बुटांच्या बँडचा कार्यक्रम होता. संपल्यावर रांग लागली, प्रत्येक जण पुढे होऊन आग लावल्याचं सांगत होता. भावाची पाळी आली. तो म्हणाला, तिसऱ्या गाण्यात तुम्ही दोघं वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होता, आणि गायकाचा माइक कर्कश आहे, कान दुखतात. मग वळून कीबोर्डवाल्या मुलीला म्हणाला, तुझा आवाज गेल्या महिन्यात खाली येत नव्हता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

घरी पोचेपर्यंत त्याला ग्रुपमधून काढलेलं होतं. कारण लिहिलं होतं: पाठिंब्याची भावना नाही. त्यावर एकवीस जणांनी अंगठा वर केला होता. अतिज्वलनशील आजही वाजवतात. परवा त्यांचं पत्रक पाहिलं, त्यावर ‘सत्तरहून अधिक चाहते’ असं छापलं आहे.

भावाचं लिफ्टचं काम फार काही ग्रेट चाललेलं नाही. बाबा वरून ओरडतात, चुकलं, परत कर, आणि तो खड्ड्यातून ओरडतो, काय चुकलं ते सांगा. मग ते सांगतात. संध्याकाळी परत येतो तेव्हा त्याचे गुडघे ग्रीसनं माखलेले असतात आणि तो बाबांबद्दल जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवारी दुपारी त्यानं मला त्याच्या खोलीबाहेर पलंगावर बसवलं. दार लावून घेतलं. आतून म्हणाला, मी वाजवतो, जे ऐकू येईल ते लिही, आणि जे येणार नाही तेही. मी म्हटलं, ऐकू न आलेलं कसं लिहू? तो म्हणाला, तू शास्त्रज्ञ आहेस, बघ तुझं तू.

पूर्ण गाणं मी लक्ष देऊन ऐकलं. आधी असं कधी ऐकलं नव्हतं, हे मान्य करते. घड्याळ लावलं होतं. सुरुवात ठीक होती. निम्म्यावर तो खरंच पळाला. ज्या वेगानं सुरू केलं होतं त्याच्या आठवा हिस्सा अधिक वेगानं संपवलं. मी तसं दारातून सांगितलं.

आतून एक शिवी आली. मग तो पहिल्यापासून वाजवू लागला, पायानं जमिनीवर ठेका धरून.